प्रोफेसरांचा संघ



पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यातील गावोगावची मैदाने पुन्हा जिवंत होतात. शहादा असो, नवापूर असो की तळोदा, संध्याकाळी मुले चेंडू घेऊन जमतात. कुणी फुटबॉल खेळते, कुणी क्रिकेट. मग कुठेतरी स्पर्धा ठरते, आपला संघ जातो आणि पहिल्याच फेरीत हरून परत येतो. परतीच्या वाटेवर एकच चर्चा असते. बाहेरून दोन चांगले खेळाडू आणले असते तर जिंकलो असतो. त्यांना भाडे द्या, जेवण द्या, हाती थोडे पैसे द्या आणि करंडक घरी आणा. हा हिशेब कॉलेजच्या संघातही होतो, गावच्या मंडळातही होतो.

हरणारा संघ उभा करायचा तर काय करावे लागते, ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एका माणसाने आपल्या आयुष्याने दिले आहे. ते कॉलेजात संस्कृत शिकवत. त्यांच्यामागे ना संस्थानाचा खजिना होता, ना गिरणीमालकाचा पैसा. त्यांचे नाव दिनकर बळवंत देवधर. अख्खा महाराष्ट्र त्यांना प्रोफेसर देवधर म्हणून ओळखत असे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. पुणे तेव्हा लोकमान्य टिळकांचे आणि आगरकरांचे पुणे होते. विद्वत्तेला मान होता. खेळाकडे मात्र घरातील वडीलधारी मंडळी जरा संशयानेच पाहत. देवधरांनी विद्या आणि खेळ दोन्ही धरून ठेवले. पुढे ते पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. १९१६ साली न्यू पूना कॉलेज ह्या नावाने सुरू झालेली ती संस्था आज सर परशुरामभाऊ महाविद्यालय, म्हणजे एस. पी. कॉलेज, म्हणून प्रसिद्ध आहे. सकाळी वर्गात व्याकरण आणि काव्य, संध्याकाळी मैदानावर बॅट, असा त्यांचा दिवस असे.

मोठ्या सामन्यांत ते १९११ साली प्रथम खेळले. १९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा इंग्लिश संघ हिंदुस्थानात आला. मुंबईतील सामन्यात देवधरांनी त्यांच्याविरुद्ध १४८ धावा काढल्या. गोऱ्या साहेबाच्या खेळात आपला माणूस त्याच्या बरोबरीने उभा राहू शकतो, असा विश्वास त्या दिवसांत अनेकांना आला. मात्र भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. एकही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. माणसाला ही गोष्ट आयुष्यभर सलू शकते. चाळिशीत आपली वेळ टळली असे कळल्यावर कितीतरी जण बाजूला बसतात आणि पुढच्या पिढीच्या चुका मोजू लागतात. देवधरांचे सर्वांत मोठे काम त्यानंतर झाले.

गरीब घरचा संघ

१९३४-३५ च्या हंगामात रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. प्रांतांचे आणि संस्थानांचे संघ एकमेकांशी खेळू लागले. मुंबई शहराचा संघ वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा. मुंबईकडे मोठमोठी मैदाने, जिमखाने, कार्यालयांचे संघ आणि पैसा. महाराष्ट्राच्या वाट्याला पुणे आणि बाकीची छोटी शहरे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक अशा ठिकाणी चार मुले कुठेतरी खेळत, पण त्यांना एकत्र आणणारे कोणी नव्हते. आपला खानदेशही ह्याच उरलेल्या मुलखात येत होता.

समोर कोण होते तेही पाहू या. पहिली दोन वर्षे मुंबईने करंडक जिंकला. १९३६-३७ मध्ये नवानगर संस्थान जिंकले. नवानगरच्या दरबाराने इंग्लंडमधील ससेक्स परगण्याचा व्यावसायिक खेळाडू वेन्सली याला आणले होते आणि कर्णधारपदही त्याच्याकडे होते. पुढच्या वर्षी हैदराबाद, त्यानंतर बंगाल. पाच वर्षे झाली, महाराष्ट्राच्या पदरात करंडक नव्हता.

माणसे शोधताना

संघ उभारायचा म्हणजे आधी माणसे हवीत. आणि माणसे शोधताना आपण कोणत्या नजरेने पाहतो ह्यावर सारे अवलंबून असते.

देवधरांच्या आयुष्यातील एक प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. तो झाकून त्यांचे चरित्र खरे होणार नाही. त्या काळी मुंबईत धर्मानुसार संघ पाडून स्पर्धा होत. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ असत. हिंदू संघातील पालवणकर बाळू हा देशातील थोर गोलंदाज चर्मकार समाजाचा होता. त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हेही उत्तम खेळाडू. १९२० साली बाळूला संघातून वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा अनुभवाने आणि कर्तृत्वाने विठ्ठलचा हक्क होता. पण निवड करणाऱ्यांनी पुण्याच्या ब्राह्मण प्राध्यापकाला, म्हणजे देवधरांना, कर्णधार नेमले. विठ्ठल आणि शिवराम अपमान गिळून बसले नाहीत. ते जाहीरपणे संघाबाहेर पडले. लोकांत मोठी चर्चा झाली. अंतिम सामन्याच्या वेळी दोघे भाऊ परत आले, बाळूलाही सन्मानाने बोलावण्यात आले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ जिंकला.

देवधर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. तो निर्णय त्यांचा नव्हता, पण त्याचा लाभ त्यांना मिळाला होता. जात पाहून माणूस निवडला की न्याय जातो आणि खेळही बिघडतो, हे पालवणकर बंधूंनी साऱ्या देशाला दाखवून दिले.

ह्या पार्श्वभूमीवर पंधरा-वीस वर्षांनंतरचा महाराष्ट्राचा संघ पाहण्यासारखा आहे. रणजी करंडकातील संघ प्रांताचे होते, धर्माचे नव्हते. महाराष्ट्राच्या संघात सांगलीचा एक ख्रिस्ती तरुण होता, नगरवाला नावाचा पारशी होता, पुण्याचे ब्राह्मण होते, दूरच्या प्रांतांत जन्मलेले मराठी तरुण होते. प्रत्येकाच्या हातात काय आहे तेवढेच बघायचे होते.

तो ख्रिस्ती तरुण म्हणजे विजय हजारे. जन्म ११ मार्च १९१५, सांगली. वडील शाळेत शिक्षक, घरात आठ मुले. अशा घरात नवी बॅट ही चैनीची वस्तू असते. स्वभावाने अबोल, कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखे वागणे नाही. १९३४-३५ च्या पहिल्याच हंगामात हा एकोणीस वर्षांचा मुलगा महाराष्ट्राकडून खेळू लागला. गोलंदाज म्हणूनही त्याचा उपयोग होता आणि फलंदाजी हळूहळू फुलत होती. पुढे ऑस्ट्रेलियाचा नामवंत फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचेही मार्गदर्शन त्याला मिळाले. पाच वर्षे संघ त्याच्याबरोबर थांबला.

राजपुतान्यात निंबाहेड्याला जन्मलेला रंगा सोहोनी हा असाच दुसरा तरुण. तो नव्या चेंडूने गोलंदाजी करी आणि फलंदाजीही तितक्याच जोमाने करी. सागरला जन्मलेला चंदू सरवटे आधी मध्य प्रांताकडून खेळला आणि मग महाराष्ट्राकडे आला. डावखुरा खंडू रांगणेकर १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून पदार्पणातच शतक काढून गेला. सदू शिंदे हा कोवळा फिरकी गोलंदाज पुढच्याच हंगामात संघात आला. ही नावे आज इतिहासात आहेत. तेव्हा ती केवळ होतकरू मुले होती.

सरावाची शिस्त

माणसे मिळाली तरी संघ होत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला अॅरिस्टॉटल शिकवताना एक गोष्ट पुन:पुन्हा सांगितली जाई. चांगुलपणा ही पुस्तकातून उचलायची गोष्ट नाही, तो सवयीने अंगी येतो. रोज धैर्याने वागणारा धैर्यवान होतो. ग्रीस देशातील त्या विचारवंताचे म्हणणे पुण्याच्या संस्कृत प्राध्यापकाला नवे वाटले नसते. संस्कृत शिकणाऱ्याला धातू आणि रूपे रोज घोकावी लागतात. एक दिवस ती आपोआप जिभेवर येतात. क्रिकेटमधील पदन्यास, झेल आणि फेक यांचेही तसेच आहे.

देवधर शरीराच्या तयारीला फार महत्त्व देत. त्या काळात अनेक मोठ्या फलंदाजांना क्षेत्ररक्षण हे कमी दर्जाचे काम वाटे. संस्थानांच्या संघांत तर राजेसाहेबांनी चेंडूमागे धावावे अशी अपेक्षाच कुणी करत नसे. देवधरांच्या संघात कर्णधार स्वतः सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि तो धावत होता. मग विशीतल्या पोराने थकलो म्हणायचे कसे? शिस्त लावण्याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत महाग मार्ग आहे. महाग अशासाठी की तो शिकवणाऱ्याच्या घामाने चुकता करावा लागतो.

ह्या सरावाचे फळ १९३९-४० मध्ये दिसले. पुण्यात बडोद्याविरुद्ध सामना होता. विजय हजारे खेळायला उभा राहिला आणि खेळतच राहिला. समोरून गडी बाद होत गेले. नववा गडी म्हणून नगरवाला त्याच्या जोडीला होता. अशा वेळी बहुतेक डाव चार षटकांत संपतात. ह्या दोघांनी मात्र २४५ धावांची भागीदारी केली. नगरवालाच्या त्यात ९८ धावा होत्या. हजारे ३१६ धावांवर नाबाद राहिला. भारतीय खेळाडूने भारतात काढलेले मोठ्या क्रिकेटमधील ते पहिले त्रिशतक. हजारेचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. पण संघ उभा करू पाहणाऱ्याने नगरवालाच्या ९८ धावा अधिक लक्षात ठेवाव्यात. तळाला खेळणाऱ्यालाही फलंदाजीचा सराव देणारा संघच अशी भागीदारी करू शकतो.

त्याच हंगामात पुण्यातील अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले. रणजी करंडक पहिल्यांदा महाराष्ट्राकडे आला.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी

एकदा जिंकणे दैवावर ढकलता येते. दुसऱ्या वर्षी पुन्हा जिंकावे लागते तेव्हा कस लागतो. १९४०-४१ मध्ये महाराष्ट्रासमोर पुण्यात मुंबई उभी ठाकली. आणि मुंबईच्या संघात आता खंडू रांगणेकर होता. आदल्या वर्षी आपल्या संघात खेळलेला मुलगा ह्या वर्षी समोरच्या संघात!

महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा उभ्या केल्या. त्यात २४६ धावा एकट्या देवधरांच्या होत्या. वय वर्षे अठ्ठेचाळीस. हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा डाव. त्या काळचे अनेक खेळाडू पस्तिशीत बॅट खाली ठेवत. इथे प्रोफेसर आपल्या मुलांच्या वयाच्या गोलंदाजांना तोंड देत तासन् तास उभे होते.

मुंबईने हार मानली नाही. त्यांनीही तोडीस तोड उत्तर दिले आणि त्यात रांगणेकरने २०२ धावा काढल्या. धावसंख्या सहाशेच्या पुढे गेली. वाचकांपैकी ज्यांना हा खेळ फारसा परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो. असा सामना वेळेत पूर्ण झाला नाही तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जातो. मुंबईचा डाव ६५० वर संपला. तेराशेहून अधिक धावांनंतर निकाल ठरला तो पंचवीस धावांवर. पंचवीस धावा म्हणजे किती? तीन-चार अडवलेले चौकार, पाच-सहा वाचवलेल्या धावा, एखादा न सुटलेला झेल. सकाळच्या धावण्याचा आणि झेलांच्या सरावाचा हिशेब इथे होतो.

त्या हंगामात सोहोनीने साडेसहाशेहून अधिक धावा काढल्या. अंतिम सामना मद्रासला झाला. परक्या मैदानावर, परक्या प्रेक्षकांसमोर महाराष्ट्राने मद्रासला सहा गडी राखून हरवले. करंडक सलग दुसऱ्यांदा घरी आला.

घडवलेली माणसे जातात

गोष्ट इथे संपवली असती तर गोड झाली असती. पण पुढचा भाग आपल्या अधिक कामाचा आहे.

रांगणेकर आधीच गेला होता. १९४१ नंतर विजय हजारेही बडोद्याला गेला. संस्थानाने त्याला नोकरी दिली. आठ भावंडांच्या शिक्षकाच्या घरातील मुलाला पोट भरण्याची हमी हवी होती आणि तेव्हाच्या महाराष्ट्राच्या संघाकडे देण्यासारखे तसे काही नव्हते. १९४२-४३ चा रणजी करंडक बडोद्याने जिंकला. सरवटे पुढे इंदूरच्या होळकर संघात गेला आणि तो संघही बलाढ्य झाला. महाराष्ट्राने घडवलेल्या माणसांनी दुसऱ्यांची घरे भरली. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तरी महाराष्ट्राला तो करंडक पुन्हा जिंकता आलेला नव्हता. अंतिम सामन्यापर्यंत संघ पोचला, अगदी २०१३-१४ मध्येही पोचला, पण करंडक दोनच राहिले.

मग देवधर हरले का? बाहेरून माणसे विकत आणणाऱ्याचा हिशेब करंडकापाशी संपतो. माणसे घडवणाऱ्याचा हिशेब तिथे संपत नाही. १९४६ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यात हजारे, सोहोनी, सरवटे आणि शिंदे असे चौघे होते. त्या दौऱ्यात सरवटेने शुटे बॅनर्जीच्या साथीने शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागीदारी करून इंग्लंडला चकित केले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर रांगणेकरही होता. त्याच दौऱ्यात हजारेने अॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढली. आणि १९५२ साली मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा भारताचा कर्णधार सांगलीचा तोच अबोल मुलगा होता.

देवधर स्वतः थांबले नाहीत. मोठे खेळाडू गेलेल्या संघात ते उरले आणि खेळत राहिले. १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतके काढली. १९४६ साली त्यांची कारकीर्द संपली. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेला खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर थांबला. ८१ सामने, ४५२२ धावा, नऊ शतके. दोन वर्षांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. देवधर मैदानावर नव्हते, पण मैदान ओस पडले नव्हते.

पुढे देवधरांनी निवड समितीत आणि क्रिकेटच्या कारभारात काम केले, पुस्तके लिहिली. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन ह्या तिन्ही मुली बॅडमिंटनमध्ये देशपातळीवर चमकल्या. १९४० च्या दशकात मुलींनी मैदानात उतरणे ही साधी गोष्ट नव्हती. ज्या घरात खेळाकडे शिक्षण म्हणून पाहिले जाई त्या घरात मुलगा आणि मुलगी असा फरक झाला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या देवधर करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले. वयाची शंभरी पाहिलेले प्रोफेसर २४ ऑगस्ट १९९३ रोजी एकशे एकाव्या वर्षी पुण्यात निधन पावले. १९९६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

आपल्या मैदानाकडे

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. काल मैदानावर असलेला मुलगा आज दिसत नाही. ज्याला वर्षभर शिकवले तो बारावीनंतर सुरतेला कामाला लागतो. शिक्षक, प्रशिक्षक, वसतिगृहाचे चालक, सगळेच कधी ना कधी कंटाळून विचारतात की जाणाऱ्या मुलांसाठी एवढे कष्ट का घ्यायचे. मीही स्वतःला हे विचारले आहे.

प्रोफेसर देवधरांचे आयुष्य ह्या प्रश्नापुढे ठेवून पाहावे. ज्याला त्यांनी उभे केले त्याने समोर येऊन त्यांच्याविरुद्ध द्विशतक काढले. ज्याच्याबरोबर करंडक जिंकला तो दुसऱ्याच्या घरी गेला. तरी पुढच्या हंगामात ते पुन्हा मैदानावर होते, नव्या मुलांसोबत. धडगावच्या डोंगरातून आलेला एखादा पोर चेंडूमागे जिवाच्या आकांताने धावतो तेव्हा त्याचे आडनाव, त्याची बोली, त्याचे फाटके बूट ह्यांपलीकडे त्याचे धावणे पाहणारे कोणीतरी हवे असते. त्याच्याबरोबर पाच वर्षे थांबणारे कोणीतरी हवे असते.

पुढच्या वेळी आपला संघ हरून आला तर बाहेरच्या दोन खेळाडूंच्या भाड्यासाठी वर्गणी काढण्याआधी एक करू या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मैदानावर किती मुले येतात ते पाहू या. आणि त्यांच्याआधी तिथे आपल्यापैकी कोण पोचलेले असते, तेही.